नाशिकएवढीच उंची, पण इथली बाग झोपते : ऑस्ट्रेलियातल्या डोंगरी वाइन्सबद्दल

उगावकर
मंडळी, बरेच दिवस लिहायचं मनात होतं. परवा इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात एकाने विचारलं की ऑस्ट्रेलियन वाइन म्हणजे ती दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बारोसाची दाट, काळी, जॅमसारखी शिराझ ही लाल वाइनच ना, आणि मग मला राहवलं नाही. बारोसाला मी नावं ठेवत नाहीये. पण हा देश म्हणजे नुसतं ऊन आणि लाल माती नाही, इथे डोंगर आहेत, बर्फ पडतो, आणि त्या डोंगरांवर गेल्या पन्नासेक वर्षांत काही लोकांनी अशी वाइन केलीये की तिच्याबद्दल मराठीत कोणीतरी नीट लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मी हे कुठून बघतोय ते आधी सांगतो. घर निफाड तालुक्यात, वडिलांची थॉमसन द्राक्षांची बाग, लहानपण सगळं गोडी छाटणी, खरड छाटणी, डाऊनी-भुरीसारखे रोग, गारपीट आणि व्यापाऱ्याचा भाव ऐकण्यात गेलं. नोकरीसाठी कॅनबेरात आलो त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्याच जुलैत कॅनबेराजवळच्या मरम्बेटमनच्या रस्त्याने चाललो होतो तर दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि एकाही वेलीवर एक पान नाही, तारांवर नुसत्या तपकिरी काड्या आणि खाली गवतावर दव गोठून पांढरं झालेलं. मला वाटलं बाग मेली. गाडी थांबवून काडी हातात घेतली, नखाने सोलली तर आत हिरवी. बाग झोपली होती. आपल्याकडे वेल कधी झोपतच नाही हो, आपण वर्षातून दोनदा छाटून आणि काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावून तिला उठवतो, आणि इथे थंडी तिला झोपवते आणि वसंतच उठवतो. द्राक्षाच्या घरात वाढूनही मी हे कधी पाहिलं नव्हतं.

आता गंमत बघा, कॅनबेरा समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर. नाशिकही जवळपास तेवढंच! पण आपण २० अंशांवर आणि हे ३५ अंशांवर, त्यामुळे तीच उंची इथे वेगळंच काम करते. दर शंभर मीटरला तापमान सरासरी ०.६ अंशाने उतरतं हे आपण भूगोलात शिकलो, पण उन्हाळ्यात दिवसा ३२ आणि रात्री १२ असा फरक पडतो तेव्हा त्याचा अर्थ कळतो. दिवसा साखर भरते, रात्री वेल गार पडते आणि आम्लता जळून जात नाही. आणि घड पिकायला वेळ घेतात. सिडनीच्या उत्तरेच्या गरम हंटर व्हॅलीत जानेवारी-फेब्रुवारीत तोडणी उरकते, इथे मार्च आणि कधी कधी एप्रिल उजाडतो. हा जो वाढीव दीड-दोन महिना आहे ना, सगळी चव त्यात आहे असं माझं मत आहे.

सुरुवात कोणी केली तर दोन शास्त्रज्ञांनी. सीएसआयआरओ ही इथली सरकारी संशोधन संस्था, तिथले जॉन कर्क हे बायोकेमिस्ट आणि एडगर रीक हे कीटकशास्त्रज्ञ. दोघांनीही १९७१ मध्ये वेली लावल्या, कर्क यांनी मरम्बेटमनला आणि रीक यांनी लेक जॉर्जच्या काठी. हा सगळा मेंढ्यांचा मुलूख होता. कर्क मूळचे आयर्लंडचे, त्यांनी आपल्या आजोबांच्या शेताचं नाव बागेला दिलं, क्लोनाकिला. पुढे त्यांचा मुलगा टिम कर्क १९९१ मध्ये फ्रान्सला गेला आणि ऱ्होन नदीच्या काठी कोत रोतीत गिगाल यांच्या तळघरात बॅरलमधून वाइन चाखली. तिथे लाल शिराझच्या बरोबर थोडी पांढरी व्हिओन्ये एकत्र आंबवतात. वडिलांनी व्हिओन्ये १९८६ मध्येच लावून ठेवलेली होती! मुलगा परत आला आणि १९९२ पासून क्लोनाकिलाची शिराझ व्हिओन्ये सुरू झाली. आज ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या वाइन्समध्ये तिचं नाव घेतात. पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मी गप्पच झालो होतो. रंग माणकासारखा, पलीकडचं दिसेल इतका पातळ, आणि वास ताज्या कुटलेल्या मिऱ्याचा, त्याच्या मागून जर्दाळू आणि फुलं. शिराझ अशी असू शकते हे मला माहीतच नव्हतं.

कॅनबेरा डिस्ट्रिक्ट म्हणतात खरं, पण बहुतेक वाइनऱ्या न्यू साउथ वेल्समध्ये आहेत, कारण राजधानीच्या हद्दीत जमीन मालकीची मिळत नाही, सरकारकडून लीजवर घ्यावी लागते. वेल लावणारा माणूस तीस-चाळीस वर्षांचा विचार करतो, त्याला सातबारा स्वतःचा लागतो. हे निफाडच्या माणसाला समजावून सांगायला नको. हद्दीच्या आत नेटाने उभी असलेली माउंट माजुरा आहे, तिची टेम्प्रानिओ, ही स्पॅनिश जातीची लाल वाइन, जरूर प्या.

रीसलिंग या पांढऱ्या वाइनसाठी केन हेल्म. हेही सीएसआयआरओतूनच आलेले, सत्तरच्या दशकापासून मरम्बेटमनला रीसलिंग करतायत, आणि २००० साली त्यांनी कॅनबेरात रीसलिंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धाच सुरू केली. कोरडी म्हणजे गोडवा नसलेली, लिंबाच्या सालीसारखी, दात शिवशिवतील अशी. कोथिंबीर वडीबरोबर घ्या आणि मला सांगा. अजून वर, बंगेंडोरजवळ ८६० मीटरवर लार्क हिल, कार्पेंटर कुटुंबाची, १९७८ मध्ये लावलेली, पूर्ण बायोडायनॅमिक, म्हणजे सेंद्रिय शेतीचाच एक प्रकार, आणि ग्रूनर व्हेल्टलिनर ही ऑस्ट्रियाची द्राक्षं ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा त्यांनी आणली.

ऑरेंजबद्दल लिहायचं राहिलं, ते खाली लिहितो, जेवायला बोलावतायत.

मृण्मयी_सिडनी
मस्त धागा! आम्ही ऑरेंजला दोनदा गेलोय पण चेरी तोडायला, मुलांना घेऊन. वाइनरीच्या पाट्या दिसल्या, आत गेलो नाही. एक सांगा, गावाचं नाव ऑरेंज आणि संत्र्याचं एक झाड दिसलं नाही, हे कसं काय? लवकर लिहा ऑरेंजचं.

उगावकर
मृण्मयीताई, संत्रं तिथे टिकणारच नाही, इतकी थंडी. १८४६ मध्ये मेजर मिचेल या सर्व्हेयरने हॉलंडच्या विल्यम राजपुत्राच्या, म्हणजे प्रिन्स ऑफ ऑरेंजच्या नावावरून ते नाव दिलं. पिकतं काय तर सफरचंद, चेरी आणि आता द्राक्षं.

ऑरेंज माझ्या सगळ्यात आवडीचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सिडनीच्याच अक्षांशाच्या आसपास, ब्लू माउंटन ओलांडून साधारण अडीचशे किलोमीटर पश्चिमेला. गावाच्या डोक्यावर माउंट कनोबोलस, १३९५ मीटर, विझलेला ज्वालामुखी, एक कोटीहून जास्त वर्षांपूर्वी धगधगत होता. म्हणजे खाली बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचाच दगड! फक्त आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा त्या मानाने पोरसवदा. डोंगराच्या उतारावर लाल, खोल, भुसभुशीत माती. वरच्या बाजूला पाऊस बरा, हिवाळ्यात बर्फ.

आणि हद्द कशी ठरवली तर उंचीने. ६०० मीटरच्या वर असेल तरच लेबलवर ऑरेंज लिहायचं, खाली असेल तर नाही. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या कुठल्या वाइन-प्रदेशाची हद्द अशी उंचीवर बेतलेली नाही. मोलोंगजवळ क्युम्युलस म्हणून प्रचंड मोठी बाग आहे, ही ६०० ची रेषा बरोबर तिच्या मधून जाते. मग त्यांनी दोन लेबलं काढली, रेषेच्या वरच्या द्राक्षांची 'क्लाइंबिंग', तिच्यावर ऑरेंज, आणि खालच्यांची 'रोलिंग', तिच्यावर सेंट्रल रेंजेस, हे आजूबाजूच्या मोठ्या प्रदेशाचं नाव. बांधावरून भांडणं आपण पाहिलीत, इथे समोच्च रेषेलाच बांध केलाय.

६०० मीटरला कॅबर्ने, शिराझ, मर्लो पिकतात. ९०० च्या वर गेलात की शार्डने, पिनो न्वार, सोविन्यों ब्लां. हजारच्या पुढे गेलात की फेसाळ वाइनसाठीची द्राक्षं, तिथे आम्लता अशी सुरीसारखी राहते. प्रिंथीची स्विफ्ट ही फेसाळ वाइन त्याच उंचीवरची. एकाच गावात गाडीने अर्ध्या तासात तुम्ही चार हवामानं पार करता, मला दुसरीकडे कुठे असं अनुभवायला मिळालं नाही.

तिथे व्यावसायिक बाग पहिली लावली ती स्टीफन आणि ऱ्होंडा डॉयल यांनी, ब्लडवुड, १९८३. मग आले फिलिप शॉ. हे रोझमाउंट या वाइन कंपनीचे मोठे वाइनमेकर, लंडनच्या स्पर्धेत वर्षातला सर्वोत्तम वाइनमेकर म्हणून दोनदा निवडले गेलेले. रोझमाउंटसाठी करोडो लिटर वाइन करणाऱ्या माणसाने थंड जागेच्या शोधात १९८८ मध्ये कुमूलू ही ९०० मीटरवरची जमीन घेतली आणि पुढच्या वर्षापासून लावायला सुरुवात केली. वाइन्सना नावं नाहीत, आकडे. ११ नंबर शार्डने, ८९ नंबर शिराझ, म्हणजे १९८९ मध्ये लावलेली. पुढे मुलांनी सांभाळायला घेतलं, आणि त्यांनी स्वतः हूसएग नावाने छोटं काम काढलं, थोडीशीच वाइन, मनासारखी. तुम्ही चेरीच्या हंगामात गेलात तर नॅशडेल आणि बोरेनोर या बाजूला फक्त दहा मिनिटं गाडी वळवा.

ॲडलेडकर_अभय
उगावकर, लेख छान आहे पण दक्षिण ऑस्ट्रेलियाला तुम्ही बारोसा म्हणून एका वाक्यात उडवलंत हे बरोबर नाही. बारोसाच्या खांद्यावरच ईडन व्हॅली आहे, ४०० ते ५०० मीटरवर, आणि तिथे १८४७ मध्ये जोसेफ गिल्बर्टने प्युसी व्हेलला वेली लावल्या होत्या. १८४७! तुमचं कॅनबेरा तेव्हा नव्हतंच. हेन्शकी घराण्याची हिल ऑफ ग्रेस तिथलीच, १८६० च्या वेली अजून फळ देतायत, कारण वेलीची मुळं खाणारी फिलॉक्सेरा कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात आजवर शिरलेली नाही. बाहेरून द्राक्षं किंवा काडी आणायला सक्त बंदी आहे, सीमेवर पाट्या लावलेल्या असतात.

आणि ॲडलेड हिल्स? माझ्या घरापासून वीस मिनिटं. माउंट लॉफ्टीच्या मागे पिकॅडिली व्हॅली, शहरात ४० अंश असलं तरी वर संध्याकाळी जॅकेट लागतं. ब्रायन क्रोझरने १९७९ मध्ये तिथे शार्डने लावली, आपल्या पेटालुमा वाइनरीसाठी. शॉ अँड स्मिथ ही नात्यातल्या दोन भावंडांची वाइनरी १९८९ ची, त्यातला मायकल हिल स्मिथ हा मास्टर ऑफ वाइन ही मानाची पदवी मिळवणारा पहिला ऑस्ट्रेलियन. हे सगळं तुमच्या धाग्यात यायला हवं.

अजून एक. २० डिसेंबर २०१९ ला कडली क्रीकची आग लागली तेव्हा मी इथेच होतो. हिल्समधल्या साधारण एक तृतीयांश बागांना तिची झळ बसली. हेन्शकी यांची लेन्सवुडला सफरचंदाची बाग होती ती १९८३ च्या वणव्यात गेली, त्या जागी त्यांनी द्राक्ष लावलं, आणि या आगीत ते द्राक्षही होरपळलं. मी नंतर बघायला गेलो होतो, लाकडी खांब जळून तारा जमिनीवर पडलेल्या, ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटलेल्या. पुढच्या वर्षी त्यातल्याच काही खोडांतून हिरवे कोंब बाहेर आले ते पाहिलं आणि गळा भरून आला.

उगावकर
अभयराव, मान्य. ईडन व्हॅलीवर तुम्हीच वेगळा धागा काढा, आणि लवकर काढा.

आगीचा विषय काढलात म्हणून सांगतो, आमच्याकडे आग बागेपर्यंत आली नाही, धूर आला. डिसेंबर ते फेब्रुवारी कॅनबेरात आम्ही मास्क लावून फिरत होतो, करोनाच्या आधीच. आणि मग एकेकाने सांगायला सुरुवात केली की यंदा वाइन करणार नाही. क्लोनाकिलाने २०२० सालची कॅनबेराची वाइन काढलीच नाही. घड दिसायला सुंदर होते. वर्षभर राबून तयार झालेला माल तसाच सोडून द्यायचा, हे आमच्या घरी गारपिटीनंतर पाहिलंय, पण तिथे निदान डोळ्याला दिसतं की माल गेला.

रसायनवाली
धुराचं थोडं सांगते, माझं कामच गंध-चवीच्या रसायनांचं आहे. लाकूड जळताना ग्वायकॉलसारखे फिनॉल तयार होतात, ते मण्याच्या सालीतून आत जातात आणि वेल त्यांना साखरेला जोडून टाकते. त्या जोडलेल्या रूपात त्यांना वासच नाही, म्हणून द्राक्ष खाऊन कळत नाही. आंबवताना आणि नंतर तोंडातल्या लाळेतही तो बंध सुटतो आणि मग जिभेवर विझलेल्या चुलीची राख येते. लाल वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तिला जास्त फटका, पांढरीत रस लगेच वेगळा करतात म्हणून थोडी सुटका.

आणि उगावकर, तुमच्या शिराझमधल्या मिऱ्याचं तर थेट आपल्याशी नातं आहे. तो वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा, आणि काळ्या मिऱ्यात जे आहे ते हेच. तुम्हाला 'मिऱ्यासारखा' वास आला नाही, मिऱ्याचाच आला. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लोकांनी ते शिराझमध्ये शोधून काढलं. थंड जागी, सावलीतल्या घडांत ते जास्त तयार होतं, उन्हाने तापलेल्या घडांत कमी. आणि साधारण पाचातल्या एका माणसाला त्याचा वासच येत नाही, नाक चांगलं असलं तरी. म्हणून दोघं जण एकाच बाटलीवर भांडत असतील तर दोघंही खरं बोलत असतील.

उगावकर
ओह! माझ्या बायकोला कधीच मिरी लागत नाही आणि मी दरवेळी तिला पुन्हा वास घ्यायला लावतो. आज माफी मागतो.

बागायतदार_पिंपळगाव
दादा नमस्कार. मी वाइनवाला नाही, टेबल ग्रेपवाला, म्हणजे खायच्या द्राक्षांचा. सोनाका आणि थॉमसन. माझा सरळ प्रश्न, आपलं नाशिकही ६०० मीटर, मग आपल्याला अशी द्राक्षं का नाही जमत? आणि त्या दव गोठण्याचं ते लोक काय करतात? आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ४-५ वर आला की मण्यांना तडे जातात, आम्ही पहाटे बागेत शेकोट्या करतो, ठिबक सोडतो, रात्र रात्र जागतो.

उगावकर
भाऊ, तुमच्यासारख्यांनी विचारलं की लिहायला बरं वाटतं.

पहिलं, उंची सारखी असली तरी सूर्य सारखा नाही. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी २८-३० जातं, वेलीला खरी विश्रांती मिळत नाही, म्हणून आपण तिचं वर्षच फिरवलंय, पावसाळा टाळून हिवाळ्यात फळ घेतो. म्हणजे आपला माल थंडीत वाढायला लागतो आणि वाढत्या उन्हात पिकतो. इथे बरोबर उलटं, माल उन्हाळ्यात वाढतो आणि दिवस गार होत जाताना पिकतो. शेवटचे चार-सहा आठवडे ऊन चढतंय की उतरतंय यावर वाइनची आम्लता ठरते. सह्याद्रीत १००० मीटरच्या वर जागा आहेत, पण तिथे पाऊस इतका की डाऊनी बागच खाऊन टाकेल. म्हणून आपल्या नाशिकने स्वतःचं जे गणित बसवलंय ते वेगळंच आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, त्याला ऑरेंजच्या मापाने मोजू नये.

दुसरं, दव गोठण्याचं. यांना हिवाळ्यातल्या थंडीची भीती नाही, वेल झोपलेली असते, उणे ६ झालं तरी तिला काही नाही. भीती ऑक्टोबर-नोव्हेंबरची, डोळे फुटून कोवळे फुटवे बाहेर आलेले असतात तेव्हा. एका पहाटे उणे २ गेलं की सगळा फुटवा काळा. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साचते, म्हणून जाणता माणूस उतारावर वेल लावतो आणि तळ सोडून देतो. वर थोडी उबदार हवेची साय असते, ती खाली ओढायला मोठमोठे पंखे उंच खांबावर लावतात, काही जण तर हेलिकॉप्टर मागवून बागेवरून फिरवतात. आणि तुमच्या ठिबकसारखंच, पण वरून, तुषार सोडतात. पाणी फुटव्यावर गोठतं आणि गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे आतला कोंब शून्याच्या खाली जात नाही. सकाळी सगळी बाग काचेत घातल्यासारखी दिसते. मी एकदा एका बागेत रात्री मदतीला होतो, पहाटे साडेतीनला सगळे जण थर्मामीटरकडे बघत उभे, कोणी बोलत नाही. अगदी आमच्या उगावसारखं, फक्त धूर नव्हता.

पिंपळगावहून कोणी इकडे आलंच तर स्टॅन्थॉर्पला नक्की न्यावं असं वाटतं, क्वीन्सलँडमध्ये, ग्रॅनाइट बेल्ट. क्वीन्सलँड म्हणजे ऊस आणि आंबा असं वाटतं, पण हे ८०० मीटरच्या आसपास, ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे आणि रेताड जमीन. तिथले इटालियन शेतकरी आधी तुमच्यासारखी टेबल ग्रेप्सच पिकवायचे, मग त्यांच्यातले काही वाइनकडे वळले. पुग्लिसी कुटुंबाची बॅलंडीन इस्टेट त्यातलीच. तिथल्या वाइनवाल्यांनी ठरवून वेगळ्या जाती धरल्या, जशा की सिल्व्हानेर, फियानो, सॅपेराव्ही, आणि त्या वाइन्स चाखत फिरायचा मार्गच काढला, 'स्ट्रेंज बर्ड' म्हणून. मोठ्यांशी त्यांच्याच जातींत स्पर्धा करायची नाही, हे धोरण मला फार शहाणपणाचं वाटलं. पाण्याचे हालही त्यांनी पाहिले, २०२० च्या जानेवारीत गावाचं धरण आटलं आणि पिण्याचं पाणी टँकरने आणावं लागलं.

बागायतदार_पिंपळगाव
टँकर तिथंही. बरं झालं सांगितलंत. हवा पाण्यासारखी वाहते हे मी माझ्या खालच्या वावरात बघितलंय, वरच्या बांधापेक्षा तिथं कायम दोन अंश कमी. कारण आज कळलं.

निपाणीकर
आमच्या भागात तंबाखूचं पीक, म्हणून मला एक विचारायचं आहे. व्हिक्टोरियात पण इटालियन लोक तंबाखू करायचे आणि मग द्राक्षाकडं वळले असं कुठंतरी ऐकलं होतं. खरं हाय का ते?

मेलबर्नची_मेघना
निपाणीकर, अगदी खरं, किंग व्हॅली! मी तिकडे दरवर्षी जाते. दरीत तळाला तंबाखू होता, अजूनही काही ठिकाणी तंबाखू वाळवायच्या जुन्या उंच शेड उभ्या आहेत. पिझ्झिनी, दाल झोट्टो ही सगळी तंबाखूची घरं. तंबाखूचा धंदा बसत चालला तसे त्यांनी वेली लावल्या, आणि त्याही आपल्या गावाकडच्या, सँजोव्हेझे, नेब्बियोलो. ओटो दाल झोट्टो मूळचे वाल्दोब्बियादेनेचे, म्हणजे प्रोसेकोच्या माहेरचे. त्यांनी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा प्रोसेको लावली, २००४ मध्ये बाटली बाहेर आली. आणि २००९ मध्ये इटलीने ठरवलं की प्रोसेको हे द्राक्षाचं नाव नाहीच, ते प्रदेशाचं, द्राक्षाला म्हणा ग्लेरा. तेव्हापासून भांडण. मला तर ओटोंची बाजू पटते, माणूस ज्या नावाची काडी लावतो ते नाव दहा वर्षांनी दुसऱ्याने काढून घ्यायचं म्हणजे काय?

दरीच्या वर व्हिटलँड्सचं पठार, ८०० मीटर. ब्राउन ब्रदर्सनी ऐंशीच्या दशकात तिथे वेली लावल्या. याच घराने २०१० मध्ये टास्मानियात टेमर रिज घेतली, आणि वाढतं तापमान हे त्यामागचं एक कारण असल्याचं उघडपणे सांगितलं. म्हणजे आधी डोंगरावर, मग दक्षिणेला.

आणि मॅसेडन रेंजेस कसं विसरलात? मेलबर्नपासून तासभर, मुख्य भूमीवरचा सगळ्यात थंड वाइन-प्रदेश. बिंदी म्हणून वाइनरी आहे, १९८८ मध्ये लावलेली, मायकल धिल्लन वाइनमेकर. हो, धिल्लन. क्वार्ट्झच्या खड्यांनी भरलेली जमीन, शार्डने आणि पिनो, बाटल्या अगदी मोजक्या. माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात नाजूक वाइन तीच. कर्ली फ्लॅटची पिनोही सुंदर.

उगावकर
बिंदी मी अजून प्यायलो नाही, मिळतच नाही. मिळवीन.

टम्बारम्बाचा उल्लेख मी पण विसरलो होतो. स्नोई माउंटनच्या पश्चिम उतारावर, लाकूड कापणाऱ्यांचं गाव, ८०० मीटरपर्यंत बागा, जवळजवळ सगळी शार्डने आणि पिनो. पेनफोल्ड्स या बड्या कंपनीची यटार्ना ही त्यांची सगळ्यात मानाची पांढरी वाइन, तिच्यात टम्बारम्बाची द्राक्षं असतात. माल दुसऱ्याच्या लेबलखाली जातो आणि गावाचं नाव कोणाला माहीत नसतं, आपल्या कितीतरी गावांचं हेच. आता तिथल्या द्राक्षांच्या वाइनवर गावाचं नाव ठळक दिसायला लागलंय, ते पाहून बरं वाटतं.

पुण्याची_प्राजक्ता
वाचताना जीव खालीवर होतोय, पण पुण्यात यातलं काय मिळणार? आणि परवडणार का?

उगावकर
प्राजक्ता, दोन्ही देशांचा व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालाय. आधी आयात शुल्क १५० टक्के होतं. बाटली पाच डॉलरच्या वरची असेल तर ते लगेच १०० झालं आणि दहा वर्षांत ५० पर्यंत येणार, पंधरा डॉलरच्या वरची असेल तर ७५ झालं आणि २५ पर्यंत उतरणार. हे अमेरिकन डॉलर बरं का. वर राज्याचं एक्साइज. डोंगरी वाइन्स बहुतेक त्या दुसऱ्या गटात बसतात. पण या छोट्या वाइनऱ्या आहेत, त्यांचा माल इथेच संपतो, म्हणून मोठ्या कंपन्यांच्या आधी त्या तुमच्यापर्यंत पोचतील असं मला वाटत नाही. कोणी नातेवाईक येत असेल तर दोन बाटल्या बॅगेतून मागवा. क्लोनाकिलाची शिराझ व्हिओन्ये शंभर ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जाते, पण त्यांचीच हिलटॉप्स शिराझ बरीच स्वस्त आणि मिरी तीच. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर.

ॲडलेडकर_अभय
मटणाबरोबर मला ईडन व्हॅलीचीच शिराझ हवी, पण ते माझ्या धाग्यावर बोलू. वडील कधी आले होते का हो तुमचे इकडे? त्यांना बाग दाखवलीत?

उगावकर
आले होते, गेल्या जुलैत. मरम्बेटमनला एका ओळखीच्या बागेत छाटणी चालू होती तिथे नेलं. वाइन घेत नाहीत ते, माळकरी आहेत. बराच वेळ नुसतं बघत होते. मग विचारलं, हा दोनच डोळे ठेवतोय का काडीला? हो म्हटलं. बागवानाने त्यांच्या हातात कात्री दिली. इंग्रजी येत नाही यांना आणि मराठी येत नाही त्याला, पण एक अख्खी ओळ दोघांनी मिळून छाटली, मध्येच वडील थांबून एखाद्या काडीवर बोट ठेवायचे, तो मान हलवायचा. गारठ्याने बोटं लाल झाली होती तरी थांबेनात. घरी येताना म्हणाले, माती बरी आहे त्याची, पण ओळीतलं अंतर जास्त सोडलंय.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मी ऑरेंजला जातोय, ब्लडवुड आणि वरच्या दोन-तीन बागा, तोडणीचा शेवट असतो तेव्हा. गाडीत दोन जागा आहेत, कॅनबेराहून सकाळी सहाला निघणार.

मृण्मयी_सिडनी
आम्ही सिडनीहून येतो, तिथेच भेटू. मुलं येतील, चालेल ना? तेव्हा चेरी नसतील पण.

उगावकर
चालेल की. चेरी डिसेंबरात. एप्रिलला सफरचंदं असतील, आणि जॅकेटं आणा सगळ्यांची.